बागकामाचे कार्यक्रम, त्यांचे निवेदक आणि आपल्याकडे मेलेली झाडं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी बीबीसीचा 'गार्डनर्स वर्ल्ड' आणि ऑस्ट्रेलियातल्या एबीसी वाहिनीचा 'गार्डनिंग ऑस्ट्रेलिया' नेमाने बघतो. प्रेक्षकांची मतं वाचली की डोकं चक्रावतं. कुणाला 'गार्डनर्स वर्ल्ड'चा निवेदक माँटी डॉन म्हणजे शेवटचा शब्द वाटतो, कुणी म्हणतं हा नुसता कुत्री घेऊन फिरतो, खरे माळी जुन्या काळी होते. मी कार्यक्रमात बघून कुंडीत लॅव्हेंडर लावलं, ते मेलं. टोमॅटोची रोपं लांबुडकी होऊन आडवी झाली. चूक निवेदकाची की माझी? आणि यापुढे ऐकायचं कुणाचं?"

आधी गुंता सोडवू. तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. हा माणूस मला आवडतो का, हा एक. त्याने सांगितलेलं माझ्या मातीत आणि माझ्या हवेत लागू पडेल का, हा दुसरा. प्रेक्षकांची बहुतेक मतं पहिल्या प्रश्नाची उत्तरं असतात: आवाज, कपडे, बोलण्याची ढब, कुत्रा, बागेचा थाट. तुम्हाला उत्तर हवंय दुसऱ्याचं. म्हणून कितीही मतं वाचली तरी पदरात काही पडत नाही.

मी लोकांच्या बागा सांभाळते आणि नव्याने बागकामाला लागलेल्यांना शिकवते. "टीव्हीवर तर असं दाखवलं होतं" हे वाक्य माझ्या कानांना सवयीचं झालंय. ते ऐकून मी चिडत नाही. नक्की काय दाखवलं होतं, ते नीट विचारून घेते. कारण दाखवलेलं बहुधा बरोबरच असतं; घोळ असतो तो न दाखवलेल्या भागात. त्यामुळे कार्यक्रम पारखताना मी निवेदकाच्या आधी एकच गोष्ट बघते: हा कार्यक्रम त्याच वाफ्याकडे परत येतो का? आज लावलेलं रोप दोन महिन्यांनी, पुढच्या वर्षी, त्याच जागी दाखवावं लागणार असेल, तर सांगणाऱ्याची जीभ आपोआप ताळ्यावर राहते. परत यायचंच नसेल तर काहीही लावून टाळ्या घेता येतात.

एक गोष्ट आधीच कबूल करते. तुम्ही कार्यक्रम कशासाठी बघता यावर बरंच अवलंबून आहे. दिवसभराचा शीण घालवायला अर्धा तास हिरवळ बघायची असेल, तर पुढचं सगळं सोडून द्या. ज्याचा आवाज कानाला बरा लागतो तो निवेदक उत्तम. पण बघून आपल्या कुंडीत काही करायचं असेल, तर तुमची हवा, तुमची माती, ऊन किती तास येतं आणि आठवड्याला तुम्ही किती वेळ देऊ शकता, या चार गोष्टी निवेदकापेक्षा मोठ्या ठरतात.

निवेदकापेक्षा कार्यक्रमाचा साचा कसा जड पडतो, याचं माझं आवडतं उदाहरण ॲलन टिचमार्श. माणूस पक्का शिकलेला. लंडनच्या क्यू गार्डन्स या वनस्पती उद्यानात प्रशिक्षण घेतलेला. १९९६ मध्ये ते 'गार्डनर्स वर्ल्ड'चे मुख्य निवेदक झाले आणि स्वतःच्या हॅम्पशरमधल्या बागेतून कार्यक्रम करू लागले. १९९७ पासून तेच टिचमार्श 'ग्राउंड फोर्स'मध्येही होते. तिथे घरमालकाला काहीतरी निमित्त काढून बाहेर पाठवायचं, दोन दिवसांत त्याची बाग पालटून टाकायची आणि तो परतला की त्याच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य टिपायचं. २००२ पर्यंत ते दोन्हीकडे दिसत होते. माणूस तोच, ज्ञान तेच, वर्षंही तीच. तरी एका कार्यक्रमातून प्रेक्षक छाटणीची वेळ आणि बियाणं पेरायची खोली शिकला, आणि दुसऱ्यातून लाकडी फळ्यांचा ओटा घालायला शिकला. इंग्लंडात त्या काळात असे ओटे घरोघर झाले, त्याचं बरंच श्रेय किंवा खापर याच कार्यक्रमाला दिलं जातं.

दोन दिवसांच्या बागेत झाडं कशी लावतात, ते लक्ष देऊन बघा. पूर्ण वाढल्यावर दीड मीटर पसरणारं झुडूप अर्ध्या मीटरवर लावलेलं असतं. नाही लावलं तर कॅमेऱ्यात माती दिसते, आणि उघडी माती कुणाला बघायची नसते. त्या दिवशी वाफा भरगच्च दिसतो. तिसऱ्या वर्षी तिथे एकमेकांच्या उरावर बसलेली झुडपं असतात, आतल्या फांद्या वाळलेल्या, हवा खेळत नाही म्हणून पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी. असा वाफा विरळ करायला मला बोलावतात तेव्हा मालकाला वाटतं, रोग आलाय. रोग नंतर आला. आधी आलं ते लागवडीचं अंतर.

आता "जुने ते खरे माळी" या मताबद्दल. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. 'गार्डनर्स वर्ल्ड' १९६८ च्या जानेवारीत सुरू झाला आणि पुढच्याच वर्षापासून पर्सी थ्रोअर त्याचा चेहरा झाले. थ्रोअर विंडसरच्या राजवाड्याच्या बागेत उमेदवारी करून वर आलेले. श्रूजबरीच्या सार्वजनिक उद्यानांचे ते १९४६ ते १९७४ पर्यंत अधीक्षक होते. टाय, जाकीट, तोंडात पाइप, आणि हात असे की रोप कुंडीतून काढताना मातीचा कण सांडणार नाही. कसबाला तोड नव्हती. पण त्यांच्या पिढीचा सल्ला रासायनिक औषधांच्या फवाऱ्यांच्या जमान्यातला होता, आणि त्यांना कार्यक्रमातून जावं लागलं तेही त्याच संदर्भात. आयसीआय या रसायन कंपनीच्या बागेसाठीच्या उत्पादनांची व्यापारी वाहिनीवर जाहिरात करायचा करार त्यांनी केला, आणि १९७६ मध्ये बीबीसीने त्यांना थांबवलं. मला बीबीसीचं तेव्हाचं वागणं योग्य वाटतं. थ्रोअर खोटं सांगत होते असं नाही. पण पानावर कीड दिसल्यावर सांगणाऱ्याच्या खिशात एका बाटलीचे पैसे असतील, तर "दोन दिवस थांबून बघा, पक्षी खातात का" हा सल्ला त्याच्या तोंडून सहज निघत नाही. आज इंटरनेटवरच्या बागकामाच्या व्हिडिओंना हीच कसोटी लावा. दर तिसऱ्या व्हिडिओत एखादं द्रव खत झाडाला वाचवत असेल, तर सल्ला कुणाचा आणि पैसा कुणाचा, ते ओळखायला वेळ लागत नाही.

जुन्यांमध्ये मला सर्वांत उपयोगी वाटतात ते जेफ हॅमिल्टन. १९७९ ते १९९६, म्हणजे अचानक मृत्यू येईपर्यंत, ते या कार्यक्रमात होते. रटलंड परगण्यात बार्न्सडेल इथे त्यांनी एका मोठ्या बागेऐवजी अनेक छोट्या बागा आखल्या. ही छोट्या अंगणाची, ही भाजीपाल्याची, ही कमी खर्चात होणारी, असा हिशेब. बघणाऱ्याला आपल्या मापाची जागा तिथे सापडायची. बाजारातून महाग वस्तू आणण्यापेक्षा लाकडाच्या तुकड्यांतून रोपांसाठी पेटी कशी ठोकायची, ते ते दाखवत. आधी रासायनिक पद्धती वापरणारा हा माणूस पुढे सेंद्रियकडे वळला आणि दलदलीतून खणून काढलेलं पीट वापरू नका, असं सांगू लागला. प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत मत बदलणारा निवेदक मला न बदलणाऱ्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. बार्न्सडेल आजही लोकांना बघायला खुलं आहे. सध्या या कार्यक्रमात दिसणारे ॲडम फ्रॉस्ट तरुणपणी तिथेच कामाला होते. ते बोलतात तेव्हा फावडं हातात कसं धरतात ते बघा. शिक्षण कुठे झालं ते कळतं.

मग माँटी डॉन. ते २००३ मध्ये आले, २००८ मध्ये प्रकृतीमुळे बाजूला झाले, २०११ मध्ये परतले ते स्वतःच्या हेरफर्डशरमधल्या लाँगमेडो या बागेत कॅमेरा घेऊन. त्यांच्याविरुद्धची सगळ्यात जुनी तक्रार अशी की त्यांनी बागकामाचं रीतसर शिक्षण घेतलेलं नाही. खरं आहे. त्यांचा आधी दागिन्यांचा व्यवसाय होता. दुसरी तक्रार, बाग फार मोठी. आमच्या चार कुंड्यांना तिचा काय उपयोग? हीही खरी. मदतीला माळी असतात, हेही खरं.

तरीही मी नव्या लोकांना लाँगमेडो बघायला सांगते, आणि त्याचं कारण वरच्या कसोटीतच आहे. बाग एकच आहे आणि वर्षानुवर्षं तीच दिसते. जमीन चिकणमातीची, खालच्या भागात हिवाळ्यात पाणी चढतं, ते लपवायला जागा नाही. त्यांच्या बागेत बॉक्सच्या, म्हणजे त्या कातरून गोल किंवा चौकोनी केलेल्या दाट पानांच्या कुंपणझाडांवर करपा आला. वर्षानुवर्षं कातरून घडवलेली झाडं उपटून टाकताना त्यांना प्रेक्षकांनी पाहिलं. ज्या कार्यक्रमात झाड मरताना दिसतं, तिथून शिकायला मिळतं. माझं वैयक्तिक मत विचाराल तर रचना, रंगांची जुळणी आणि वर्षभराच्या कामाची लय यासाठी डॉन बघावेत. फांदीचे तुकडे कसे लावावेत, बी कसं धरावं, एका रोपाची दहा कशी करावीत, यासाठी कॅरल क्लाइन. त्यांनी स्वतः रोपवाटिका चालवली आहे. रोपवाटिकावाल्याचं पोट रोपं जगण्यावर असतं, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात "साधारण असं करा" फार कमी येतं. त्या कांडी कापतात ती नेमकी पेराच्या, म्हणजे पान फुटतं त्या गाठीच्या, खाली, आणि का, ते सांगतात: मुळं तिथून लवकर फुटतात.

एक गोष्ट मतं वाचताना मला खटकते. स्त्री निवेदक आली की चर्चा झाडांवरून कपड्यांवर जाते. 'ग्राउंड फोर्स'मधल्या चार्ली डिमॉक यांच्या पेहरावावर जेवढं लिहिलं गेलं, त्याच्या एक दशांशही त्यांच्या कामावर लिहिलं गेलं नसेल. बाई जलोद्यानांच्या धंद्यात काम केलेल्या. तळ्याच्या अस्तराला घडी पडू न देता पाणी कसं भरायचं, पंप कुठे ठेवायचा, हे त्यांना हातचं होतं. अशी मतं दिसली की पुढे सरका. त्यातून तळं बांधता येणार नाही.

आता न दाखवलेल्या भागाकडे येऊ. तुमची झाडं बहुधा तिथेच मेलीत.

मी काही वेळा चित्रीकरणासाठी वाफे तयार करून दिले आहेत, त्यामुळे पडद्यामागे काय चालतं ते थोडंफार ठाऊक आहे. माती आधल्या दिवशी भिजवून, वाफसा येईल, म्हणजे ना चिखल ना कोरडी राहील, अशा बेताने ठेवलेली असते. खड्डा अर्धा खणलेला असतो, वरचा थर पुन्हा टाकलेला, म्हणजे निवेदकाचं खुरपं लोण्यात गेल्यासारखं जातं. तेच रोप लावायचं दृश्य दोनतीन वेळा घेतात, एकदा लांबून, एकदा हातांचं. पाणी घालणं अर्ध्या सेकंदात कापलं जातं, कारण ते बघायला कंटाळवाणं. यात फसवणूक नाही. अर्ध्या तासात चार विषय बसवायचे तर असंच करावं लागतं. पण बघणाऱ्याच्या मनात मात्र खड्डा, रोप, थाप, झालं, एवढंच उरतं.

तेच काम प्रत्यक्षात कसं असतं ते सांगते. कुंडीतलं झुडूप जमिनीत लावायचंय. आधी रोपाला कुंडीतच पाणी द्यायचं आणि निथळू द्यायचं, नाहीतर कोरडी हुंडी, म्हणजे मुळांसकटचा मातीचा गोळा, जमिनीत गेल्यावर आतून भिजतच नाही. मग कुंडी आडवी करून रोप सरकवून काढायचं. मुळं हुंडीभोवती गोल गोल गुंडाळलेली दिसली तर ती बोटांनी मोकळी करायची, जाड असतील तर सुरीने उभे तीनचार काप द्यायचे. तशीच ठेवली तर जमिनीतही ती गोलच फिरतात आणि काही वर्षांनी झाडाचाच गळा आवळतात. खड्डा हुंडीच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण खोली हुंडीएवढीच. खोल खणून खाली भुसभुशीत माती भरली की झाड नंतर खचतं आणि खोडाचा बुंधा मातीत जातो. खोड जिथे रुंद होऊन मुळांत उतरतं तो भाग उघडा दिसायला हवा. रोपवाटिकेतून आलेल्या रोपावर तिथे अनेकदा दोन बोटं जादा माती असते, ती खरवडून काढायची. माती परत भरायची, पायाने तुडवायची नाही, बादलीभर पाणी सावकाश ओतायचं आणि माती बसली की पुन्हा थोडी भर घालायची. आच्छादन पसरायचं, पण खोडापासून वीतभर लांब. आणि मग खरं काम सुरू होतं: पहिली एकदोन वर्षं, मुळं बाहेरच्या मातीत शिरेपर्यंत, पावसाचा खंड पडला की पाणी. हे शेवटचं वाक्य कार्यक्रमात असतं, पण एकदाच. बागेत ते शंभरदा करावं लागतं.

म्हणून निवेदक बोलतो काय याबरोबर त्याचे हात काय करतात ते बघा. पाणी घालण्याआधी बोट मातीत जातं का? कुंडी उचलून वजन बघतो का? सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, लावताना फांदीवरच्या डोळ्याच्या (कोंबाच्या) किती वर कापतो? हे बारकावे कुणी मुद्दाम सांगत नाही. ज्याच्या अंगवळणी पडलेत, त्याच्याकडून ते आपोआप होतात. एखादा निवेदक बोलायला रटाळ असला तरी हातांकडे बघून बरंच शिकता येतं. (आवाज बंद करून एक भाग बघा. काही निवेदक त्याने सुधारतात.)

हवेचा मुद्दा तर प्रेक्षक सपशेल विसरतात. स्कॉटलंडमध्ये १९७८ पासून 'बीचग्रोव्ह गार्डन' नावाचा कार्यक्रम आहे, ॲबरडीनच्या बाजूचा. दक्षिण इंग्लंडातल्या बागेतून "आता टोमॅटो बाहेर लावा" असं सांगितलं, तेव्हा उत्तरेतल्या माणसाच्या अंगणात अजून गोठवणारी थंडी असते. जिम मॅकॉल यांच्यासारखे तिथले निवेदक स्थानिक लोकांना जवळचे वाटले ते या कारणाने. एकाच देशात ही तऱ्हा. 'गार्डनिंग ऑस्ट्रेलिया' याबाबतीत सर्वांत प्रामाणिक आहे. तो १९९० मध्ये सुरू झाला. पीटर कंडल यांनी २००८ पर्यंत तो गाजवला, त्यांचा भाजीपाल्याचा वाफा टास्मानियात होबार्टच्या शाही वनस्पती उद्यानात होता. म्हणजे थंड हवा. पण कार्यक्रमात वेगवेगळ्या राज्यांतले निवेदक असतात, आणि या आठवड्यात काय करावं ही यादी हवामानाच्या पट्ट्यांनुसार वेगळी सांगतात: थंड, उबदार समशीतोष्ण, उपोष्ण, उष्ण, रखरखीत. तुमच्याकडे गोठवणारी थंडी पडतच नसेल तर सध्याचे मुख्य निवेदक कॉस्टा जॉर्जियाडिस यांच्या दाढीचं कौतुक करून झाल्यावर ब्रिस्बेनचे जेरी कोलबी-विल्यम्स बघा. उपोष्ण हवेतला माणूस आहे. दमटपणा, धो धो पाऊस, बुरशी हे त्याचे रोजचे विषय आहेत. मात्र महिने उलटे धरा, त्यांचा जानेवारी म्हणजे भर उन्हाळा.

जुन्या भागांबद्दल एक सावधगिरी. काही सल्ले काळाबरोबर रद्द झाले आहेत आणि जुन्या चित्रफितींत ते ठणकावून सांगितलेले सापडतील. कुंडीच्या तळाशी खापरांचा जाड थर घालणं हा त्यातला सर्वांत चिवट. पाणी बारीक मातीतून जाड खापरांत सहजी उतरत नाही. वरची माती पुरती तुडुंब झाल्यावरच उतरतं. म्हणजे थराने निचरा वाढत नाही, ओला पट्टा तेवढा वर, मुळांच्या जवळ सरकतो. छिद्रातून माती वाहू नये म्हणून एक खापर पुरतं. फांदी कापल्यावर जखमेला रंग किंवा डांबर लावणं हेही गेलं. अमेरिकेच्या वनखात्यातले ॲलेक्स शिगो यांनी असंख्य खोडं चिरून दाखवलं की झाड जखम "भरत" नाही, ती आतून भिंती घालून कोंडतं. रंगाने त्यात मदत होत नाही, उलट ओल अडकते. जमीन दोन फावडी खोल उलथणं हे तर एकेकाळी बागकामाचं व्रत होतं. आता बरेच जण वर कंपोस्टचा थर टाकून माती न हलवता भाजी काढतात आणि तणंही कमी येतात. यातलं तिसरं मात्र मी परिस्थितीवर सोडते: बांधकामाचा राडारोडा दाबून बसलेली जमीन असेल तर एकदा खणण्याला पर्याय नाही.

आता मतं वाचायचीच तर कोणती वाचावीत? ज्यात लिहिणाऱ्याने स्वतः काय केलं आणि कुठे केलं ते आहे, तेवढीच. "फारच प्राथमिक सांगतात" असं म्हणणारा बहुधा वीस वर्षं बाग करतोय, त्याच्यासाठी कार्यक्रम नाहीच. "माझ्याकडे चिकणमाती आहे, त्यांनी सांगितल्याप्रमाणे शरद ऋतूत आच्छादन घातलं आणि गोगलगाईंनी रोपं फस्त केली" हे मत सोन्याचं. शंभर कौतुकांपेक्षा असं एक गाऱ्हाणं तुम्हाला जास्त शिकवेल. २०२० च्या साथीत चित्रीकरणाचे ताफे बाहेर पडू शकत नव्हते तेव्हा 'गार्डनर्स वर्ल्ड'ने प्रेक्षकांनीच स्वतःच्या बागांत केलेल्या चित्रफिती मागवल्या. त्यातूनच स्यू केंट पुढे आल्या आणि निवेदक झाल्या. जन्मतः त्यांचे हात आखूड आहेत, बरीच कामं त्या पायांनी करतात. प्रत्येक कामाचा "हे दुसऱ्या रीतीने कसं होईल" असा विचार त्यांना करावाच लागतो, म्हणून त्यांचं सांगणं पाठदुखी, गुडघेदुखी असलेल्या कुणालाही लागू पडतं. त्या घरगुती चित्रफितींतल्या बागा ओबडधोबड होत्या, आवाज फाटका होता, आणि माझ्या विद्यार्थ्यांनी सर्वांत जास्त नोंदी त्याच भागांतून घेतल्या.

आता तुमची झाडं.

टोमॅटोचं सोपं आहे. कार्यक्रमात रोपं काचघरात होती, चहूबाजूंनी उजेड. तुमची खिडकीत असणार. उजेड एका बाजूने, आणि खोली उबदार. उजेड कमी आणि ऊब जास्त अशी सांगड पडली की रोप उजेडाच्या शोधात ताणतं. उगवण होईपर्यंत ऊब हवी, साधारण २० अंश पुरे. उगवल्यादिवशीच ट्रे जिथे भरपूर ऊन मिळेल आणि थोडं गार असेल तिथे न्या. एका कप्प्यात एकच रोप ठेवा. लांबुडकी झालेली टाकूनही देऊ नका: टोमॅटोच्या खोडाला मातीत मुळं फुटतात, त्यामुळे पुनर्लागवड करताना खालच्या पानांपर्यंत खोड गाडा. आणि इंग्लंडातले लोक फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात पेरतात ते बाहेर मे महिन्यापर्यंत गोठण्याची भीती असते म्हणून. तुमच्याकडे ती भीती नसेल तर ते वेळापत्रक पाळायचं कारण नाही, थेट मोकळ्या उन्हात पेरा.

लॅव्हेंडरबाबत मला खात्रीने सांगता येणार नाही, कारण तुम्ही कुंडीत काय भरलं होतं ते लिहिलेलं नाही. अंदाज सांगते. हे झाड भूमध्य समुद्राकाठच्या दगडी, चुनखडीच्या, निकस उतारांवरचं. कार्यक्रमात "निचऱ्याची माती" एवढं म्हणतात आणि आपण विकतचं मिश्रण भरतो, ज्यात कोकोपीट आणि गांडूळखत असतं. दोन्ही पाणी धरून ठेवतात. वरून कोरडं दिसतं, आत चिखल. मग पानं मलूल होतात, आपल्याला वाटतं तहान लागली, आणि आपण आणखी पाणी घालतो. पुन्हा लावायचं तर निम्मी तरी जाड वाळू किंवा बारीक खडी घाला, मातीची कुंडी घ्या, खत जवळजवळ नको. हवा दमट असेल तर कार्यक्रमांत नेहमी दिसणारी अंगुस्टिफोलिया ही जात सोडा आणि दातेरी पानांची डेंटाटा शोधा. ती दमटपणा बऱ्यापैकी सोसते. फूल तिचं तितकं देखणं नाही.

मेलेलं झाड अजून कुंडीत असेल तर टाकू नका. उपटून मुळं धुवा आणि बघा. तपकिरी, मऊ, चिमटीत धरून ओढल्यावर साल सुटून हातात येत असेल तर पाण्याने गेलं. मुळं टणक, फिकट आणि कोरडी असतील, हुंडी दगडासारखी असेल तर तहानेने. काय दिसतं ते कळवा, आणि कुंडीला खाली छिद्रं किती आहेत तेही.